सात वर्षांची वाटणी

प्रश्न साधाच होता आणि विचारणारा माणूस सभ्य होता. पुण्याहून व्हिडिओवर माझा इंटरव्ह्यू घेत होता. त्याच्या मागे एक हिरवंगार झाड दिसत होतं, ते खरं की नुसतं पडद्यावरचं हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. पंधरा मिनिटं मी जुन्या कामाबद्दल सांगत होते. इंग्रजी बरं चाललं होतं, माझं मलाच कौतुक वाटायला लागलं होतं. तेवढ्यात त्याने हात जरा वर केला आणि म्हणाला, "एक मिनिट, सुलेखा. तुम्ही मघापासून 'वुई' म्हणताय. वुई डिझाइन्ड, वुई फिक्स्ड. ह्यात तुम्ही स्वतः काय केलंत?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि डावीकडे बघितलं. डावीकडे पलंग होता आणि पलंगावर घड्या घालायचे कपडे. माझ्या नवऱ्याचा, सम्यकचा, वाळूजच्या कंपनीचा निळा शर्ट सगळ्यात वर. मी त्या शर्टाकडे बघतच राहिले. किती वेळ कोण जाणे. स्क्रीनवरच्या माणसाला वाटलं असेल नेट गेलं, कारण तो म्हणाला, "माझा आवाज येतोय ना?" येत होता की. अगदी स्वच्छ येत होता. डावीकडून यायचा तो आवाज मात्र येत नव्हता.

डावीकडे उजमा बसायची, सात वर्षं. जालना रोडवरच्या आमच्या त्या सॉफ्टवेअरच्या ऑफिसात आम्ही दोघी एकाच दिवशी लागलो, आणि पहिल्याच दिवशी एक कॉम्प्युटर कमी पडला. साहेब म्हणाले, "आठवडाभर दोघी एकावर बसा, नवीन मागवलाय." तो आला तीन महिन्यांनी. तोवर आमच्या सवयी बसून गेल्या होत्या. उजमा बोलायची, मी लिहायचे. ती खुर्चीत पाय दुमडून बसायची, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणायची, "आता हे इथनं उचल, तिथं ठेव, नाय नाय, आधी बघ ते रिकामं तर नाय ना," आणि माझे हात चालत असायचे. कधी ती पुढे जायची, कधी माझे हात. हात पुढे गेले की ती मधेच थांबायची आणि म्हणायची, "हां, तेच म्हणत होते मी." दुसरा कॉम्प्युटर आला तेव्हा आम्ही त्याच्यावर तपासणीचे प्रोग्रॅम चालत ठेवले आणि त्याच्या टेबलावर डबे ठेवले. माझ्या डब्यातली ठेच्याची वाटी तिची आणि तिच्या डब्यातला खिमा माझा, हे कधी ठरलं आठवत नाही. ऑफिसातल्या लोकांनी आमच्या दोघींच्या नावांचं एकच नाव करून टाकलं होतं, "सुलेखाउजमा." मिटिंगमध्ये कुणी हाक मारली की दोघीही उठायचो.

यंदा मार्चमध्ये कंपनीने इथलं ऑफिस बंद केलं. पुण्याला या नाहीतर राहू द्या. ज्यांना जाता आलं ते गेले. सम्यकची नोकरी वाळूजला आणि माझी आई करमाडला एकटी. उजमाच्या अम्मींचे, आबेदाबींचे, गुडघे गेलेले. त्यांना जिना उतरवणारी ती एकटीच. आम्ही दोघी इथेच राहिलो, नोकरीशिवाय. मग एप्रिलात एका कंपनीची जाहिरात दिसली, घरून काम करता येईल अशी, अनुभव आमच्याइतकाच हवा असलेली. जागा एक. मी ती वाचली आणि उजमाला कळवली नाही. दुसऱ्या दिवशी उजमाचा फोन आला, "बघितलीस ना? मला माहितंय तू बघितलीस. दोघी भरू. जिला मिळंल तिला मिळंल." तिच्याच घरी बसून दोघींनी अर्ज भरले. दोन्ही अर्जांवरचं 'पाठवा' तिनेच दाबलं, आधी माझं आणि मग तिचं. त्यातही मला उगाच काहीतरी दिसलं. आधी माझं का? मन असं असतं माझं, सरळ गोष्टीला सरळ राहू देत नाही.

त्या 'वुई'च्या प्रश्नावर मी काय उत्तर दिलं ते आता सांगण्यासारखं नाही. "इट गॉट डन," असं काहीसं म्हणाले. झालं, म्हणाले. तो हसला, वाईट नव्हता हसला. दोन दिवसांनी कंपनीतल्या बाईंचा फोन आला. टेक्निकल चांगलं आहे म्हणाल्या, पण ओनरशिप दिसत नाही. अजून एक राउंड घेऊ, पुढच्या गुरुवारी अकराला. ओनरशिप म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर सातबाराच येतो, त्यावर आजोबांच्या वेळेपासून सगळ्या काकांची नावं आणि कुणाच्याच वाट्याला नीट न आलेलं रान. मी उजमाला फोन केला. ती म्हणाली, "मलाही बोलावलंय. गुरुवारीच, तीनला." मग तीच म्हणाली, "माझं काय अडलं माहितंय? बोलले तर असं बोलले की तो माणूस वही घेऊन लिहून घेत होता. आणि लिहायला सांगितलं तर बोटांचा पार गुंता. वीस मिनिटं दिलेली, माझं चाळीस टक्केच झालं. तू उद्या सकाळी ये. मी तुला बोलायला शिकवते."

मग आठ दिवस मी रोज सकाळी सम्यकचा डबा भरून दिला की सिडकोतून बुढी लेनला जायचे. त्यांच्या वरच्या खोलीत भिंतीला टेकवलेलं टेबल, खिडकीतून समोरच्या गच्चीवरच्या टाक्या, आणि खालून आबेदाबींचा आवाज, "उजमा, बच्ची को चाय दी क्या?" मी चौतीस वर्षांची बच्ची. पहिल्या दिवशी उजमाने मोबाइल समोर ठेवून माझं बोलणं रेकॉर्ड केलं आणि परत ऐकवलं. स्वतःचा आवाज ऐकणं ही एक शिक्षाच आहे. त्यात तिने अम्मींकडून एक वाटी आणली आणि मूठभर चिंचोके. मी 'वुई' म्हटलं की एक चिंचोका वाटीत. दहा मिनिटांत सत्तावीस. "अगं ही वाटी तर चिंच फोडायला बसल्यासारखी भरली," ती म्हणाली आणि टेबलावर डोकं ठेवून हसली. मीही हसले, पण आतून मला बरं वाटलं नाही. कारण त्या सत्तावीसमधला एकही 'वुई' मी उगाच म्हटला नव्हता. प्रत्येक वेळी तिथे खरोखर दोघी होत्या. आणि वाटीत चिंचोके टाकत होती तीही त्यातली एक होती. ती म्हणत होती, "मी म्हण. आय म्हण. मी केलं. बघ, तोंड वाकडं होत नाय." तिचं तोंड सहज बोलत होतं. माझ्या तोंडात तो एवढासा शब्द मावत नव्हता.

मावणार कसा. मी तो घरात ऐकलाच नाही. आमची आई, लीलाबाई, दिवसभर राबायची आणि संध्याकाळी बाबा विचारायचे, काय गं, झालं का? ती म्हणायची, भाजी झाली, भाकरी झाल्या, धुणं झालं, गोठ्यातलं शेणकूर झालं. कुणी केलं ते त्या वाक्यात कुठेच नसायचं. सगळं आपोआप झाल्यासारखं. एकदा शाळेत बाईंनी निबंध सांगितला, 'माझी आई', आणि मी घरी येऊन आईला विचारलं की तू दिवसभर काय काय करतेस ते सांग, मला लिहायचंय. ती चुलीपुढे बसली होती. बराच वेळ विचार करून म्हणाली, "करायचं काय? होतंय की समदं." मी निबंधात लिहिलं, माझी आई काहीच करत नाही. बाईंनी त्याखाली लाल रेघ मारली होती. आईला वाचता येत नव्हतं म्हणून बरं. हे सगळं मला उजमाच्या वरच्या खोलीत आठवलं, आणि मी तिला सांगितलं, तर ती हसायची थांबली. चिंचोके वाटीतून काढून तिने टेबलावर पसरले आणि म्हणाली, "माझ्या अम्मीचं उलटं. ती चहा टाकला तरी अख्ख्या मोहल्ल्याला सांगती, मैंने बनाई. म्हणून मी अशी." खरंच असेल. आमच्या दोघींच्या बोलण्यात आमच्या आया येऊन बसलेल्या असतील. नोकरी द्यायला निघालेल्या माणसाला हे कुठून कळावं.

दुसरी भानगड मोठ्याने विचार करण्याची. आताच्या इंटरव्ह्यूंत नुसतं उत्तर चालत नाही. गणित सोडवता सोडवता बोलायचं, मनात काय चाललंय ते ऐकवत ऐकवत लिहायचं. मला लिहिताना बोलता येईना. हात सुरू झाले की तोंड बंद, तोंड उघडलं की हात थांबलेले. उजमा घड्याळ लावून बसायची आणि दर मिनिटाला म्हणायची, "आवाज? आवाज कुठंय?" मी म्हणायचे, विचार करतेय. "मग तोच विचार ऐकव ना बाई, तो तुझ्या डोक्यात शिरून बघणार हाय का?" चौथ्या दिवशी तिने युक्ती केली. खालून आबेदाबींना बोलावलं, त्या एकेक पायरी मोजत वर आल्या, आणि त्यांना माझ्या शेजारी बसवून उजमा म्हणाली, "अम्मीला समजंल असं सांगत सांगत लिही." आबेदाबींना कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही. पण त्या 'हौ' म्हणतात. मी म्हणायचे, आता ह्या ओळीतलं पहिलं नाव घेते. हौ. ते ह्या वहीत आधी लिहिलेलं आहे का बघते. हौ. असेल तर सोडून देते. "छोड नक्को," त्या म्हणाल्या, "एक बार पूछ तो ले." आम्ही दोघी हसून लोळलो, आणि नंतर कळलं की त्या म्हणाल्या तेच बरोबर होतं. तिथे एकदा विचारायलाच हवं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा माझे हात आणि तोंड एकत्र चालले. दोन चुका झाल्या, पण चालले.

आणि मंगळवारी वाटणी. तो शब्द उजमाचाच. दोघींच्या अर्जावर सात वर्षांचं एकच काम लिहिलेलं, तीच कंपनी, तीच बियाण्यांची ऑर्डर घेणारी सिस्टिम. दोघी एकाच दिवशी त्याच माणसापुढे जाऊन तेच सांगणार? तिने जुन्या कॅलेंडरचा एप्रिल फाडला, मागच्या कोऱ्या बाजूवर मधोमध रेघ मारली, एकीकडे सु आणि दुसरीकडे उ. "चल. लॉगिन कुणाचं?" तुझं. "रिपोर्ट?" तुझे. "सगळं माझंच का? रिपोर्ट तुझे. त्या जून महिन्यात रडत रडत तू केलेस." रडत होते हे खरं, पण ते रिपोर्टमुळे नव्हतं, त्या महिन्यात माझं एक मूल पोटातच गेलं होतं, आणि उजमा रोज अर्धा तास उशिरापर्यंत थांबायची, मला घरी एकटं जायला नको म्हणून. मी म्हणाले, ते रिपोर्ट तूच सांगत होतीस, मला तर काही दिसत नव्हतं. ती म्हणाली, "हो, पण हात तुझेच चालले ना." तिने रिपोर्ट सु खाली लिहिले. असं एकेक करून सात वर्षं कापली. मला वाटलं होतं गंमत वाटेल. भावाभावांच्या वाटणीत ओट्यावरच्या पाट्यावरून भांडणं होतात हे मी करमाडला पाहिलेलं. आमच्यात उलटंच भांडण, ती म्हणे तू घे, मी म्हणे तू घे. पण कागद भरत गेला तसं मला काहीतरी दुखायला लागलं. तिच्या रकान्यात गेलेल्या प्रत्येक कामातून मी बाहेर पडत होते आणि माझ्या रकान्यातून ती. शेवटी एकच उरलं, दोनदा जाणाऱ्या ऑर्डरीचं.

ते आमचं सगळ्यात चांगलं काम. खेडोपाडीचे दुकानदार मोबाइलवरून बियाण्याची ऑर्डर टाकायचे. रेंज जायची. ऑर्डर गेली की नाही कळायचं नाही, मग ते परत बटण दाबायचे, आणि पन्नास पिशव्यांच्या शंभर पिशव्या व्हायच्या. ट्रक दारात उभा राहायचा आणि दुकानदार बोंब मारायचा. मोठमोठ्या लोकांनी त्यावर डोकं चालवलं होतं. आम्ही केलं ते इतकंच: बटण दाबायच्या आधीच मोबाइलने त्या ऑर्डरीला एक नंबर द्यायचा. मग ती दहा वेळा आली तरी नंबर तोच, म्हणजे ऑर्डर तीच. ट्रक दोनदा जाणं बंद झालं. आता हे सुचलं कुणाला? उजमा म्हणाली, "तुला." मी म्हणाले, तुला. ती म्हणाली, "मला आठवतंय, तू लिहायला लागलीस आणि मी बघत राहिले." मी म्हणाले, मला आठवतंय, तू काहीतरी बोललीस. "काय बोलले?" ते मला आठवेना. तिने पेन उचललं आणि ते ठसठशीत अक्षरात सु खाली लिहिलं. "हे तुझं. ह्याच्यावरच तुला नोकरी मिळंल. मी लॉगिनवर निभावून नेते." घ्यायला नको होतं आणि घेतलं. खाली उतरताना जिन्यात, माझ्या मनात असं येऊन गेलं की गुरुवारी तीन वाजता बुढी लेनमधलं नेट गेलं तर. एवढंच. एका पायरीपुरतं. पुढच्या पायरीवर मी स्वतःला इतकी शरमले की खाली आबेदाबींनी दिलेला चहा मी तसाच ठेवला, आणि त्या विचारत राहिल्या, "शक्कर कम है क्या बेटा?"

गुरुवारी सकाळी सम्यकने जाताना विचारलं, "घाबरलीस?" मी म्हणाले, नाही. तो म्हणाला, "मग हात का गार?" आणि हातात हात घेऊन दारात दोन मिनिटं उभा राहिला, बस चुकेपर्यंत. मग मी पलंगावरचे कपडे कपाटात कोंबले, म्हणजे डावीकडे बघायला काही उरू नये. अकराला तोच माणूस आला, तेच झाड. आधी एक गणित दिलं. आबेदाबी शेजारी बसल्यात असं धरून मी बोलत बोलत लिहिलं. मधे मधे हौ ऐकू येत होतं. पंचवीस मिनिटांत सुटलं. मग तो म्हणाला, आता जुन्या कामातलं काहीतरी सांगा, जे तुम्ही केलंत. मी सुरुवात केली. आय नोटिस्ड. आय थॉट. ठरल्याप्रमाणे सगळं माझ्या नावावर. जीभ अडखळली नाही, आणि मला, खरं सांगते, मजा वाटायला लागली. मी. मी. उन्हात उभं राहिल्यावर पाठ गरम व्हावी तसं वाटत होतं. तो मान डोलवत होता. आणि म्हणाला, "छान. पण हा नंबर आधीच द्यायचा, हे तुम्हाला सुचलं कसं? त्या क्षणी काय झालं?"

त्या क्षणी दही झालं. मला आठवलं. सगळंच्या सगळं आठवलं, इतक्या वर्षांनी, नेमकं तिथे. ऑफिसात जेवणं झाली होती आणि उजमा मला आदल्या दिवशीचं सांगत होती. अम्मींनी फोन केला, येताना अर्धा किलो दही आण. रेंज गेली. अम्मींना वाटलं, हिने ऐकलंच नाही, परत फोन केला, अर्धा किलो दही आण. उजमाला वाटलं, अजून अर्धा. दोन गाडगी घेऊन घरी गेली. अम्मी ओरडल्या, आणि उजमा त्यांना म्हणाली होती, हे ती मला हात हलवून हलवून सांगत होती, "अम्मी, तेच काम दुसऱ्यांदा सांगायचं तर तेच म्हणून सांग ना. म्हण की मघाचंच दही." एवढंच ती बोलली आणि हात धुवायला गेली. ती परत आली तेव्हा मी लिहीत होते. म्हणजे ती म्हणत होती ते बरोबर होतं आणि मी म्हणत होते तेही. ती दह्याबद्दल बोलली होती आणि मी ऑर्डरींबद्दल ऐकलं होतं. तो माणूस वाट बघत होता. वाटणीच्या कागदावर ते ठसठशीत सु खाली होतं. मी म्हणाले, "माझी एक सहकारी आहे, उजमा. ती एकदा दह्याची गोष्ट सांगत होती," आणि मग सांगितलंच सगळं, मोडक्यातोडक्या इंग्रजीत, गाडग्यांसकट. तो हसला आणि मग त्याने तोच प्रश्न केला, "मग ह्यात तुम्ही काय केलंत?" ह्या वेळी मी कुठेच बघितलं नाही. म्हणाले, "मी ऐकलं. आय हर्ड इट. ते वाक्य दह्याचं होतं, ते आपल्या ऑर्डरीचं आहे हे मला ऐकू आलं. माझं काम ते होतं. सात वर्षं मी तेच काम केलं." तो काहीतरी लिहून घेत होता. मला वाटलं, गेली नोकरी. पण मला हलकं वाटलं, रडायला येईल इतकं हलकं.

बाराला मी उजमाला फोन केला. "काय काय विचारलं? सांग, सांग." आणि मी थांबले. गणित मला तोंडपाठ होतं. तिला तेच देतील असं नाही, पण दिलं तर. तीन तास होते, तिची बोटं तेवढ्यात तयार झाली असती. थांबले ते चार-पाच सेकंदच असतील, पण ते मी थांबले आणि ते मला माहीत आहे. मग सगळं सांगितलं, ओळ न् ओळ. तिला वेगळंच गणित दिलं. साडेचारला तिचा फोन आला तो ओरडतच, "दह्याचं कशाला सांगितलंस बाई! तो मला पहिलंच विचारतो, ती दहीवाली उजमा तूच का. मी काय बोलू? कागदावर तुझं लिहिलेलं ना ते!" हसत होती आणि चिडली होती. गणिताचं विचारलं तर म्हणाली, "बोलले छान. लिहिलं अर्धं." नेट व्यवस्थित चाललं होतं.

सोमवारी सकाळी मला फोन आला. जागा माझी. मी कुणालाच कळवलं नाही, सम्यकलाही नाही, तशीच चपला घालून बुढी लेनला गेले. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तिचा चेहरा दिसला नसता, आणि तो बघायची शिक्षा मला हवी होती. उजमाने दार उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तुला मिळाली." तिने मला मिठी मारली, चांगली घट्ट, आणि तिच्या खांद्यावरून मला स्वयंपाकघरातून येणाऱ्या आबेदाबी दिसल्या. त्यांनी विचारलं, "किसकू मिली?" त्या विचारण्यात किती आशा होती ते मला ह्या जन्मात विसरता येणार नाही. उजमा मला न सोडता म्हणाली, "सुलेखाकू, अम्मी." आबेदाबी परत आत गेल्या, डबा उघडल्याचा आवाज आला, आणि चिमूटभर साखर घेऊन बाहेर आल्या. माझ्या तोंडात घातली. "मुबारक बेटा," म्हणाल्या. आणि मग, माझ्याकडे न बघता, "इसका भी होना ना." मला आनंद झाला होता आणि मला लाज वाटत होती, दोन्ही पूर्ण, एकात एक न मिसळता. उजमा तोंड धुवायला गेली. बराच वेळ नळ चालू राहिला.

बाहेर आली तेव्हा तिचे केस कपाळाला चिकटले होते. म्हणाली, "शुक्रवारी एका ठिकाणी बोलावलंय मला. बोलायचं मला येतंय. लिहायचं तू शिकव. चल, बस." तिने कीबोर्ड स्वतःपुढे ओढला आणि मी दुसरी खुर्ची घेतली. घड्याळ लावलं. ती नेहमीसारखी भराभर बोलायला लागली, आता हे इथनं उचलायचं, तिथं ठेवायचं, आणि तिची दोन बोटं कीबोर्डवर अक्षरं शोधत फिरू लागली. एक कंस राहिला. मला दिसला. माझा हात उठला. "हात!" ती म्हणाली. मी मागे घेतला. ती अडली, मागे गेली, पुसलं, परत तीच चूक केली, आणि माझे दोन्ही हात आपसूक पुढे आले. तिने वळून बघितलं. मग मी ते दोन्ही हात मांड्यांखाली घालून त्यांच्यावर बसले, आणि ती एकेक अक्षर शोधत, चुकत, पुसत, स्वतः लिहीत राहिली.